औंदा सांता शिवणार न्हाय

न्हाय म्हंजे न्हाय, वैनी. ते लाल सॅटीन पिशवीतनं भाईर काढूच नका, बघितलं की माझ्या डोळ्यापुढं काजवे चमकतात. ब्लाऊज सांगा, शिवतो. परकर सांगा, फॉल-पिको सांगा, तुमच्या मिस्टरांच्या पँटची चेन बदलायची असंल तर उभ्या उभ्या बसवून देतो. खरं सांताक्लॉजचा ड्रेस ह्या राजाबाईच्या मशिनीवर औंदा शिवला जाणार न्हाय — हसूलालासा का? ‘शिवतो’ म्हणलं म्हणून? तुमी पुण्याकडनं नव्या आलेल्या दिसतासा. आमच्या बेळगावात बायका बी करतो-जातो असंच म्हणतात बघा, त्यानं काय मिशा फुटत न्हाईत. बसा, बसा त्या स्टुलावर, खाली टाचण्या पडल्यात तेवढं बघून. आणि हळू बोला. पडद्याआड मालक झोपलेत. दुकानाचे मालक न्हाय ओ, दुकान माझं हाय — आमचे मालक, माझा नवरा. गल्लीत सगळी त्यास्नी भावकूआण्णा म्हणतात. साड्या इणायचा माग बंद पडल्यापासनं दुपारचं जेवलं की घोंगडं ओढून आडवं व्हायचं आणि चारला उठून चहा मागायचा, एवढंच काम. एकदा झोपले की मेल्यागत झोपतात. ढोल वाजवा न्हायतर ताशा वाजवा, काय फरक पडत न्हाय.

व्हय, कळलं की. उद्या शाळेत ख्रिसमस, सगळ्या पोरांनी सांता होऊन यायचं, तुमच्या स्वरूपचा ड्रेस तेवढा राह्यला. शाळेनं कवा सांगितलं? आठ दिवस झाले? मग आठ दिवस काय केलासा? ऑनलाइन मागवलासा आणि त्यो सव्वीस तारखेला येणार! झालं की मग, वरातीमागनं घोडं. खरं मी काय म्हणतो वैनी, वर्गात चाळीस पोरं, चाळीस बी सांता झाली तर भेट घ्यायची कुणी? सगळेच देणारे! असा सण कुणी बघितलाय?

ह्या टायमाला गेल्या वर्षी आला असतासा तर ह्या खोलीत पाय ठेवायला जागा न्हवती. त्रेपन्न ड्रेस! पोरांचे सोडा, पोरांचं मी समजू शकतो. दातांच्या डॉक्टराला सांता पायजे. जिमवाला पोरगा आला, त्याला बिनबाह्यांचा सांता पायजे, दंड दिसाय पायजेत म्हणून. मी म्हणलं बाबा, त्यो बर्फातनं येतो म्हणतात, निमोनिया हुईल त्याला. आणि कडी म्हंजे, टिळकवाडीतली एक बाई कुत्रं घेऊन आली. मापाला. कुत्र्याच्या! ह्ये एवढं थोरलं कुत्रं, छाती बत्तीस, कंबर घ्यायला गेलो तर माझी टेपच धरली तोंडात, सोडंना. वर बाई मला सांगतीया, आक्का, शेपटीला भोक ठेवा आणि भोकाला पांढरी बॉर्डर लावा. भीक नको खरं कुत्रं आवर म्हणतात ते मी अंगानं भोगलं बघा. घरात नुसती पांढरी लव. भाकरीत लव, आमटीत लव. दाढीला कापूस संपला तेवा मी आमची गादी उसवली. खोटं कशाला सांगू, अकरा दाढ्या निघाल्या तिच्यातनं. एकदा मालक म्हणाले, “राजा, जेवायला वाढतीस का?” तर मी मशिनीवरनं मान वर न करता म्हणलं, “माप लिहून ठेवा आणि सोमवारी या.”

हसा, हसा. तेवा मला बी हसू येत हुतं. मला वाटलं, राजाबाईचा धंदा काय चाललाय, सगळं बेळगाव माझ्या मशिनीखालनं चाललंय! आणि ज्यांचा सण, त्यांचं काय? कॅम्पात आमची फिलोमिनाबाई हाय, खानापूरकडची मूळची, दवाखान्यात नर्स हुती. वीस वर्षं झाली, एक डिसेंबरला कापड आणून देती. साधा फिकट निळा न्हायतर पिवळा झगा, गळ्याला बारीक लेस, बास. गेल्या वर्षी बी दिलतं. ते कापड त्या त्रेपन्न सांतांच्या बुडाला गेलं ते गेलंच. चोवीस तारखेला बाई आली, दारात उभी राह्यली, लाल डोंगराकडं बघितलं आणि म्हणाली, “असूं दे राजाबाई, गेल्या वर्षीचा चांगला हाय.” न रागावता! शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून नेवऱ्या, म्हंजे आपल्या करंज्याच, धाडल्या. मी त्या नेवऱ्या खात खात त्या दातवाल्याच्या ड्रेसचं पोट मोठं करत हुतो. लाज वाटली मला वैनी, खरंच लाज वाटली. खरं नेवऱ्या खाल्ल्या.

म्हणून सोडला काय हा धंदा? न्हाय ओ. लाजंनं कोण धंदा सोडतंय? तुमी पुण्याच्या, तुमास्नी ओल्ड मॅन ठाऊक न्हाय. सांगतो, म्हंजे पुना मला आग्रह करणार न्हाईसा. एकतीस डिसेंबरला आमच्याकडं ओल्ड मॅन जाळतात. सरत्या वर्षाचा म्हातारा. पेंढ्याचा करायचा, जुने कपडे घालायचे, तोंडाला मुखवटा, खिशात फटाके. दिवसभर चौकात खुर्चीवर मांडून ठेवायचा आणि बाराच्या ठोक्याला काडी लावायची — गेलं वरीस! पयलं कॅम्पातच असायचं, आता गल्लोगल्ली झालंय. तर पलीकडच्या गल्लीतला युवराज आला, म्हणाला, मावशी, तुमच्याकडं लाल तुकडे लई उरलेत, आमचा ओल्ड मॅन तुमीच करा. मला तरी ते सॅटीन टाकवत न्हवतं. केला. तुकडे जोडून लाल डगला, लाल विजार, उरलेली एक दाढी, मुखवटा. पेंढा ठासून भरला, आणि भाईर कट्ट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवला. एवढा झ्याक झालता की शेजारची आक्काताई त्याला नमस्कार करून गेली.

आता आमच्या मालकांचं बघा. त्यास्नी त्या म्हैन्यात साड्यांच्या दुकानवाल्यानं सांता म्हणून ठेवलं हुतं. दुकानापुढं घंटी वाजवत उभं राह्यचं, ‘ख्रिसमस ते न्यू इयर महासेल’. अंगात मीच शिवलेला ड्रेस. मालक म्हंजे नुसता बांबू, म्हणून पोटाला आमची उशी बांधलेली. जन्मात कधी चार शब्द एका दमात बोलले न्हाईत, खरं त्या मुखवट्यामागं माणूस काय खुलला म्हणतासा! बायका त्यांच्यासंगट फोटो काढायच्या. घरी येऊन मला सांगायचे बी, “राजा, आज एक आजी माझा गालगुच्चा घेऊन गेली.” मी म्हणायचो, “व्हय काय, बरं बरं,” आणि काज करायचो.

तर त्या एकतीस तारखेला दुपारी मालक दुकानातनं जेवायला आले. ड्रेस तसाच, मुखवटा तसाच. मी म्हणलं, थांबा, एवढा एक ड्रेस हुंदे, मग वाढतो. एका हॉटेलवाल्याचा हुता, सात वाजता पायजे म्हणून डोक्यावर बसलेला. मालक भाईर कट्ट्यावर गेले आणि त्या खुर्चीत बसले. मग ओल्ड मॅन कुठं हुता म्हणतासा? त्यो सकाळीच मी आत आणून ठेवलता. गल्लीतली गाय यिऊन त्याचा डावा पाय गुडघ्यापतूर खाऊन गेली, म्हणून उचलून आत, हितं, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसवला. आणि इसरलो. मग काय, मी बटणं आणायला गेलतो गणपत गल्लीत, तवर युवराज आणि त्याची पोरं आली, कट्ट्यावर लाल म्हातारा बसलेला बघितला आणि खुर्चीसकट उचलून चालायला लागली. माझ्या नवऱ्याला ओ! जित्या माणसाला!

खोटं न्हाय, देवाशप्पथ. ह्या सगळ्या शहापूर पेठेला म्हाईत हाय, विचारा कुणाला बी. ढाराढूर झोपलेला माणूस, त्याला काय पत्ता. मी परत आलो, मशिनीवर बसलो, कोपऱ्यात बघितलं तर लाल पाठ दिसली. म्हणलं, आले वाटतं मालक आत. भिंतीकडं तोंड करून बसलेत, रुसलेत. आणि मी सुरू केलं की बोलायला! “रुसायला काय झालं? मला काय हौस हाय काय? तुमचा माग बंद पडला, म्हणून मी रात्रंदिवस पाय मारतोय.” काय काय बोललो वैनी, लगीन झाल्यापासनं साठलेलं सगळं. नणंदेचं काढलं, त्यांच्या आईचं काढलं, त्या तिरुपतीच्या सहलीचं काढलं. तिकडनं शब्द न्हाय. मला काय इशेष वाटलं न्हाय, मालक तसेच हाईत, तीस वर्षांत कधी उलटून बोलले न्हाईत. मग माझं मलाच वाईट वाटलं. उठलो, चहा केला. आलं घालून, जास्त दुधाचा, सणासारखा. त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणलं, “घ्या, चुकलं माझं. उद्यापासनं ह्या लाल कापडाला हात लावणार न्हाय.” तरी हलंना. चहावर साय आली. मी म्हणलं, आता मातूर अती झालं, आणि हात धरून वडला त्यांचा — तर मुठीत पेंढा!

बोंब मारली मी. पेंढ्याला न्हाय भ्यालो, खरं डोक्यात लख्ख उजेड पडला, की हा हितं हाय, तर पोरांनी नेला त्यो कोण? युवराजनं जाताना म्हणलंच हुतं, “मावशी, लई जड भरलाय की ओ.” मी म्हणलं, “पेंढा वला असंल.” तर दुसरं पोरगं म्हणालं, “मावशी, गरम बी लागूलालाय.” तर मी म्हणलं, “उन्हात बसलाय सकाळधरनं, गरम लागणार न्हाय तर काय! न्ह्या, न्ह्या लवकर, माझं डोकं खाऊ नका…”

…

काय?

तेवा मी बटणं आणायला गेलतो न्हवं, म्हणतासा? गेलतो की. गेलतोच. आदल्या दिवशी गेलतो. — असं बघू नका माझ्याकडं. बोलून बसलो आता, काय करू, जीभ हाय का कात्री. व्हय. मी हितंच हुतो. ह्या मशिनीवर. पोरांनी विचारलं, “मावशी, म्हाताऱ्याला न्यायला आलोय,” आणि मी मान वर न करता म्हणलं, “कट्ट्यावर बसलाय, न्ह्या.” मान वर करायला किती येळ लागतो वैनी? दोरा ओवायला जेवढा लागतो तेवढा बी न्हाय. खरं न्हाय केली. आठ दिवस झालते मी त्यांच्या तोंडाकडं बघून. माझ्या हातानं माझा नवरा मी जाळायला दिला, आणि जाताना पोरास्नी वर सांगितलं, खुर्ची तेवढी परत आणा.

कुणाला सांगू नका, पाया पडतो. त्यास्नी वरीसभर मी बटणाचंच सांगत आलोय. आयकल्यावर ‘बरं’ म्हणाले, बास. ह्यांचं सगळं ‘बरं’च असतंय. ह्या माणसाला कळलं की त्याच्या बायकोनं त्याला वला पेंढा म्हणून दिला, तर त्यो काय म्हणंल? काय म्हणणार न्हाय. तेच मला नको हाय. म्हणून मी त्याच रात्री देवापुढं पाणी सोडलं, की डिसेंबर म्हैन्यात लाल सॅटीन म्हणून घरात येणार न्हाय. दुकानवाल्याला सांगितलं, औंदा आमचा सांता मिळणार न्हाय. फिलोमिनाबाईचा झगा पाच तारखेला शिवून तयार, तो बघा टांगलाय, पिवळा. मालकांची उशी नवीन भरली. दुपारी दोघं संगट जेवतो. मान वर करून जेवतो मी.

पुढं? पुढं काय, धावलो की. गळ्यात टेप, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात कुणाची कुणास ठाऊक. युवराजच्या चौकात बघतो तर हातगाडीवर खुर्ची, खुर्चीत मालक, पोटावरनं सुंभ आवळलेला, गळ्यात पाटी — ‘गुडबाय २०२४’. खिशात सुतळी बाँब. पोरी मांडीवर बसून सेल्फी काढूलालत्या. आणि मालक सुम्म, गप बसलेले. मी लांबनंच आरडलो, “अवो, उठा!” तसे मालक उठले. खुर्चीसकट उठले! सुंभ बांधलेला न्हवता का? काय पळापळ वैनी! एक पोरगं गटारीत, पोरी किंचाळत देवळात, युवराजनं हात जोडून जय हनुमान चालू केलं. आणि मालकांनी मुखवटा वर केला, माझ्याकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाले — “जेवायला झालं?”

रडलो मी. भर चौकात, त्या पाटीला धरून रडलो.

तर असं हाय. आता सांगा, शिवू तुमचं सॅटीन? …न्हाय ना. अवो, डोळ्यात पाणी कशाला, तुमचा बी ड्रेस हुईल की. थांबा, मी सांगतो काय करायचं. फिलोमिनाबाई काय म्हणती, त्या गोठ्यात येशूबाळाला बघायला पयलं कोण आलं? मेंढकं, मेंढरं राखणारी. घोंगडं पांघरून, हातात काठी घेऊन. लाल टोपीवाला तिथं कुठं हुता, आणि सेल तर कुणीच लावला न्हवता. उद्या तुमच्या स्वरूपच्या डोक्यावर घोंगडं घाला, कंबरंला दोरी, हातात काठी, आणि धाडा. चाळीस सांतांत एकटा मेंढका, बाई त्यालाच पुढं बसवतात का न्हाय बघा. घोंगडं कुठनं आणू म्हणतासा? माझं न्ह्या की. मालकांच्या अंगावर हाय, आत्ता काढून आणतो. कळायचं बी न्हाय त्यास्नी, सांगितलं न्हवं, मेल्यागत झोप हाय. तुमी आवाज करू नका फकस्त. एवढा पडदा सारतो… असं टोक धरलं… हळूच —

अगं बाई.

अवो… जागं हायसा तुमी? डोळे टक्क उघडे ठेवून काय पडलासा? कवाधरनं? — कुत्र्याच्या मापापासनं! मग सगळंच आयकलासा की. बटणाचं बी? …अवो, आयका माझं, मी सांगणारच हुतो, संक्रांतीला सांगणार हुतो, तिळगूळ दिऊन… काय? म्हाईत हुतं? वरीसभर म्हाईत हुतं? कसं म्हाईत हुतं, झोपलतासा की तुमी!

…झोपला न्हवतासा.

पोरांनी उचललं तेवा जागं हुतासा? आणि मी ‘न्ह्या’ म्हणलं तेवा? ‘पेंढा वला असंल’ म्हणलं तेवा? मग तोंडातनं आवाज का काढला न्हाईसा, देवमाणसा! जाळली असती की पोरांनी! …बारापतूर येळ हुता म्हणं. ऐकलासा वैनी, बारापतूर येळ हुता म्हणतात हे. कशाला बसलासा पण? कशाची वाट बघत हुतासा?

…माझी.

मी मान वर करतो का, ते बघत.

आणि आता काय बोट दाखवूलालासा? चहा? कसला चहा? …व्हय. व्हय, दिलता त्या पेंढ्याच्या म्हाताऱ्याला. आलं घालून. …व्हय, जास्त दुधाचा. न्हाय, तुमास्नी तसा कधी केला न्हाय, खरं हाय. अवो, हसूलालासा का रडूलालासा, एक कायतरी करा!

वैनी, हे घोंगडं घ्या. काठी भाईर दाराला लावलीया, ती बी न्ह्या. परत कवा द्यायचं ते द्या, न दिलं तरी चालंल. आणि दार वडून घ्या जाता जाता. उठा की ओ, बसून काय राह्यलासा — मला चहा ठेवायचा हाय. न्हाय, तुमास्नी न्हाय विचारूलालो. दोघांचाच हाय. जावा.